तोंडी परीक्षेचा न्याय

परीक्षा या विषयावर आपल्याकडे जें बोललें जातें, तें बहुधा लेखी परीक्षेविषयीं असतें. प्रश्नपत्रिका फुटली, उत्तरपत्रिका गहाळ झाली, गुणांची बेरीज चुकली, कीं वर्तमानपत्रांतून गवगवा होतो आणि प्रसंगीं न्यायालयापर्यंतही प्रकरण जातें. याचें कारण उघड आहे. लेखी परीक्षेंत कागद मागें उरतो. तो पुन्हां तपासतां येतो, तिऱ्हाइतास दाखवितां येतो, त्यावर वाद घालतां येतो. तोंडी परीक्षेंत असें कांहींच मागें उरत नाहीं. दार मिटतें, दहापंधरा मिनिटांनीं उघडतें, आंत गेलेला तरुण घाम पुशीत बाहेर येतो, आणि आंत काय झालें यास साक्षीदार म्हटले तर दोघेचौघे, तेही सारे एकाच बाजूचे. वैद्यकीय शिक्षणांत या मिटलेल्या दाराचें महत्त्व इतर बहुतेक विद्यांपेक्षां अधिक आहे. कारण तेथें लेखी परीक्षेंत उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थीही या दाराशीं अडूं शकतो.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत हा प्रश्न कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचीं दोन उत्तरें आहेत. एक असें, कीं ज्या घरांतून हें मासिक वाचलें जातें त्यांपैकीं पुष्कळ घरांत एखादा मुलगा, पुतणी अगर भाचा वैद्यकीय महाविद्यालयांत आहे किंवा तेथें जाऊं पाहत आहे. आणि तेथून बाहेर पडणाऱ्यांच्या हातीं आपणां सर्वांसच केव्हांना केव्हां नाडी द्यावयाची आहे. दुसरें असें, कीं या परीक्षेची पहिली चिकित्सा शास्त्रज्ञांनीं केलेली नसून नाटककारांनीं व कादंबरीकारांनीं केलेली आहे. आम्ही वैद्यकाचे अध्यापक नव्हों. वाङ्मय शिकविणें हा आमचा व्यवसाय. परंतु तोंडी परीक्षा आमच्याही विषयांत असते, आणि परीक्षकाच्या खुर्चीवरून ती आम्हीं वर्षानुवर्षें पाहिली आहे. त्या खुर्चीवर बसणारास आपल्या मताविषयीं किती सहज खात्री वाटूं लागते, हें आम्हांस कोणी सांगावयास नको.

प्रथम साहित्यिकांची साक्ष घेऊं. फ्रेंच नाटककार मोलियेर याचें 'काल्पनिक रोगी' हें नाटक १६७३ सालीं रंगभूमीवर आलें, आणि चौथ्या प्रयोगानंतर कांहीं तासांतच, स्वतः रोग्याची भूमिका करणारा हा नाटककार मरण पावला. या नाटकाच्या अखेरीस वैद्यांच्या सभेंत एका उमेदवाराची तोंडी परीक्षा होते. भाषा मोडक्यातोडक्या लॅटिनची. अफूनें झोप कां येते, असा प्रश्न. अफूंत झोप आणण्याचा गुण आहे म्हणून, असें उत्तर. मग एकामागून एक रोग पुढें मांडले जातात, आणि प्रत्येकावर उमेदवार तोच ठरीव उपाय सांगतो: बस्ति द्यावा, रक्त काढावें, जुलाब द्यावा. इतकें करूनही रोग हटला नाहीं तर? पुन्हां तेंच करावें. सभा प्रत्येक उत्तरास वाहवा देते आणि उमेदवार वैद्य होतो. प्रवेश हंसविणारा आहे खरा. पण त्यांतील टीकेचा रोख उमेदवारापेक्षां परीक्षकांवर अधिक आहे. परीक्षकांसारखें बोलतां येणें एवढीच त्या सभेची कसोटी असून उमेदवार त्या कसोटीस पुरेपूर उतरतो. गुरूच्या मताची प्रतिध्वनि म्हणजे ज्ञान, ही समजूत तोंडी परीक्षेंत किती सहज शिरते, हें मोलियेरनें साडेतीनशें वर्षांपूर्वीं दाखवून ठेवलें आहे.

दुसरी साक्ष टोबायस स्मॉलेट या इंग्रजी कादंबरीकाराची. हा स्वतः शस्त्रवैद्य. १७४० च्या सुमारास आरमारांत शस्त्रवैद्याच्या मदतनिसाची नोकरी त्यानें केली होती. त्यासाठीं लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या मंडळापुढें परीक्षा द्यावी लागे. त्याच्या १७४८ सालच्या 'रॉडरिक रँडम' या कादंबरींत त्या परीक्षेचें जें चित्र आहे, तें लेखकाच्या ओळखीच्या जागेचें आहे. नायक स्कॉटलंडचा. परीक्षक पहिल्यानें त्याचा जन्म कोठला हें विचारतात, आणि स्कॉट लोकांचा इंग्लंडांत किती सुळसुळाट झाला आहे यावर शेरे मारतात. मग एकजण विचारतो, कीं तोफेच्या गोळ्यानें डोकें उडालेला मनुष्य पुढें आणला तर काय उपचार कराल? असा रोगी आपण पाहिला नाहीं व कोणत्या ग्रंथांतही वाचला नाहीं, असें नायक नम्रपणें सांगतो. पुढें आंतड्याच्या जखमेविषयीं प्रश्न निघतो, आणि नायकाच्या उत्तरावरून परीक्षकांतच जुंपते. एकास जें बरोबर वाटतें तेंच दुसऱ्यास घोर अज्ञान वाटतें. शेवटीं अध्यक्ष भांडण मिटवितात व उमेदवारास मार्गी लावतात. उमेदवाराचें कुळ विचारणें, उत्तर नसलेला प्रश्न टाकून मौज पाहणें, आणि बरोबर उत्तर कोणतें याविषयीं परीक्षकांतच एकमत नसणें, हे तीन दोष एका प्रकरणांत याहून नेटकेपणानें मांडलेले आमच्या वाचनांत नाहींत.

तिसरें उदाहरण कल्पित नाहीं. ऑलिव्हर गोल्डस्मिथ, ज्याचीं पुस्तकें आपल्या वडीलधाऱ्या पिढ्यांनीं शाळा-कॉलेजांत अभ्यासलीं, तो २१ डिसेंबर १७५८ रोजीं याच मंडळापुढें रुग्णालयांतील मदतनिसाच्या जागेसाठीं उभा राहिला. परीक्षकांपुढें नीटनेटकें दिसावें म्हणून त्यानें आपल्या प्रकाशकाच्या जामिनकीवर शिंप्याकडून नवे कपडे उधारीनें शिवून घेतले होते, असें त्याचे चरित्रकार सांगतात. मंडळाच्या दप्तरांत त्या दिवसाची नोंद आहे ती इतकीच, कीं गोल्डस्मिथ हा या जागेस अपात्र ठरला. त्यास काय विचारलें, त्यानें काय सांगितलें, कोठें चुकलें, याचा मागमूस नाहीं.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. गोल्डस्मिथ पुढें मोठा लेखक झाला यावरून परीक्षकांनीं त्याच्यावर अन्याय केला असें ठरत नाहीं. त्याचें वैद्यकाचें ज्ञान खरोखरच कच्चें असेल, आणि त्याच्या हातीं रोगी न देण्यांत परीक्षकांनीं लोकांवर उपकारही केला असेल. उलट असेंही असेल, कीं तो नेहमीं अडखळत बोलणारा मनुष्य, चार भारदस्त गृहस्थांपुढें त्याची वाचा बसली असेल. दोहोंपैकीं खरें काय, हें कळण्याचा मार्गच परीक्षकांनीं ठेवलेला नाहीं. तोंडी परीक्षेवर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. ती नेहमीं अन्यायी असते असें आम्ही म्हणत नाहीं. ती न्यायी होती कीं अन्यायी, हें मागाहून तपासण्याची सोय तिच्यांत नसते. आणि ज्या निर्णयाची तपासणी होऊं शकत नाहीं त्यास न्याय म्हणणें हा केवळ विश्वासाचा भाग राहतो.

चौथें उदाहरण कवि कीट्स याचें. लंडनच्या औषधविक्रेत्या वैद्यांच्या मंडळाची परीक्षा तो जुलै १८१६ मध्यें उत्तीर्ण झाला. वर्गांत बसून कविता लिहिणारा हा मुलगा उत्तीर्ण कसा झाला, याचें सोबत्यांस नवल वाटलें. आणि त्याच्या एका सहाध्यायानें पुढें त्याचें श्रेय कीट्सच्या चांगल्या लॅटिनला दिलें. सहाध्यायाचें हें मत मत्सराचें असूं शकेल. तथापि भाषेवरील प्रभुत्व हें ज्ञानाच्या जागीं खपून जातें, ही त्याची तक्रार आजच्या आमच्या विद्यार्थ्यांसही अपरिचित वाटणार नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. १८४५ सालीं मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें तेव्हांपासून इंग्रजी पद्धतीचें वैद्यकीय शिक्षण आपल्याकडे आहे, आणि तिकडच्या परीक्षापद्धतीचें वळणही त्याबरोबरच आलें. महाराष्ट्रांतील वैद्यकीय महाविद्यालयें १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीं जोडलेलीं आहेत. परीक्षेचा सांगाडा मात्र सर्व भारतांत बराचसा सारखा आहे. विद्यार्थ्यास एक रोगी नेमून दिला जातो. त्याची हकीकत विचारून, त्यास तपासून, निदान परीक्षकांपुढें मांडावयाचें असतें. यास विद्यार्थी 'लाँग केस' म्हणतात. मग थोड्या वेळाच्या 'शॉर्ट केस'. आणि टेबलावर मांडलेलीं हाडें, औषधें, शस्त्रें, क्ष-किरणांचीं चित्रें दाखवून चालणारी प्रश्नोत्तरें, म्हणजे 'व्हायव्हा'. परीक्षक कांहीं त्याच महाविद्यालयांतील, कांहीं बाहेरून आलेले. बाहेरून कोण येणार, त्यांचे आवडते प्रश्न कोणते, त्यांस कोणत्या ग्रंथकाराचें मत मान्य आहे, याची बातमी काढणें हा परीक्षेच्या आदल्या रात्रीचा मुख्य अभ्यास असतो, आणि दाराबाहेर येणाऱ्या प्रत्येकास "काय विचारलें?" म्हणून बाकीचे गराडा घालतात. ज्या परीक्षेच्या तयारींत रोगापेक्षां परीक्षकाचा अभ्यास अधिक करावा लागतो, तिच्या रचनेंत कांहीं तरी चुकत आहे, हें सांगण्यास वैद्यकाचें ज्ञान लागत नाहीं.

असें असूनही या परीक्षेच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें हलक्यानें घेण्यासारखें नाहीं. ते म्हणतात, कीं वैद्यक ही बोलण्याची विद्या आहे. रोग्याशीं बोलावें लागतें, नातेवाइकांशीं बोलावें लागतें, मध्यरात्रीं फोनवर वरिष्ठांस चार वाक्यांत रोग्याची स्थिति सांगावी लागते. ज्यास विचारलेल्या प्रश्नाचें सरळ उत्तर देतां येत नाहीं, त्याच्या कागदावरील ज्ञानाचा रोग्यास काय उपयोग? शिवाय चार पर्यायांतून एकावर खूण करण्याच्या परीक्षेंत अंदाजानें मारलेला बाण लागूं शकतो, तोंडी परीक्षेंत परीक्षक "कां?" म्हणून विचारतो आणि अंदाज उघडा पडतो. आणखीही एक मुद्दा आहे. एखादा विद्यार्थी सर्व बरोबर सांगतो, पण बोलतां बोलतां अशी एकच गोष्ट बोलून जातो, कीं ज्यावरून हा मनुष्य रोग्याचा जीव घेईल असें जाणत्यास कळतें. हें लेखी परीक्षेंत कळत नाहीं. हीं सर्व कारणें आम्हांस मान्य आहेत, आणि म्हणूनच तोंडी परीक्षा उठवून टाकावी असें आमचें मत नाहीं.

मान्य नाहीं तो एकच युक्तिवाद, आणि दुर्दैवानें तोच सर्वांत अधिक ऐकूं येतो. परीक्षकानें दरडावलें, टोमणे मारले, तर विद्यार्थी कणखर होतो. रुग्णालयांत याहून भयंकर प्रसंग यावयाचे आहेत, असें हें म्हणणें. पण रोग्याच्या खाटेशीं वाटणारी भीति आणि परीक्षकापुढें वाटणारी भीति या दोन भिन्न वस्तु आहेत. पहिलींत मनुष्य रोग्याकडे पाहतो. दुसरींत तो परीक्षकाच्या भुंवयांकडे पाहतो. भुंवयांकडे पाहून उत्तर बदलण्याची संवय ज्यास लागली, तो पुढें वरिष्ठ चुकत असतांना दिसूनही गप्प राहील, आणि त्याची किंमत रोगी देईल. आमच्या प्राचीन वैद्यांस हा भेद ठाऊक होता. चरकसंहितेच्या विमानस्थानांत वैद्यांनीं आपसांत करावयाच्या चर्चेचें विवेचन आहे. तिचे दोन प्रकार सांगितले आहेत: संधाय संभाषा, म्हणजे स्नेहभावानें ज्ञान वाढावें म्हणून केलेली; आणि विगृह्य संभाषा, म्हणजे प्रतिपक्षास जिंकण्यासाठीं केलेली. दुसऱ्या प्रकारांत प्रतिपक्षास कसें गोंधळवावें याच्या युक्त्याही तेथें दिल्या आहेत. पण त्या प्रतिस्पर्ध्यासाठीं, शिष्यासाठीं नव्हेत. आपल्या परीक्षांच्या टेबलाशीं पुष्कळदां यांपैकीं कोणती संभाषा चालते, याचें उत्तर ज्यांनीं परीक्षा दिली आहे त्यांनींच द्यावें.

आतां प्रमाणांकडे वळूं. कारण नुसत्या साहित्यिक साक्षीवर निवाडा करणें योग्य नव्हे. परीक्षेंतील दैवाचा वांटा मोजण्याचा प्रयत्न एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञानें १८८८ सालींच आरंभला होता. पुढें सर फिलिप हार्टॉग यांनीं हा प्रश्न हातीं घेतला. हे गृहस्थ आपल्यास परके नव्हेत. डाक्का विश्वविद्यालयाचे ते पहिले कुलगुरु, आणि १९२९ सालीं हिंदुस्थानांतील शिक्षणावर प्रसिद्ध झालेला अहवाल त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. इंग्लंडांत परत गेल्यावर त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं परीक्षांचीच परीक्षा घेतली व १९३५ आणि १९३६ मध्यें तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील एक प्रयोग तोंडी परीक्षेचा होता. १६ उमेदवार, आणि त्यांची मुलाखत घेणारीं दोन स्वतंत्र मंडळें. दोहोंच्या गुणांत मेळ अल्प दिसला. एका मंडळानें ज्यास सर्वांच्या शिरोभागीं बसविलें तो दुसऱ्याच्या यादींत पार खालीं गेला होता. मंडळांतील सभासद मूर्ख नव्हते कीं पक्षपाती नव्हते. थोड्या वेळांत, थोड्या प्रश्नांवर, मनुष्य पारखण्याचें कामच इतकें कठिण आहे.

वैद्यकांतही हाच अनुभव आला. अमेरिकेंतील राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षक मंडळानें खाटेजवळच्या तोंडी परीक्षेचे गुण तपासले तेव्हां एकाच उमेदवाराविषयीं दोन परीक्षकांचीं मतें फारच थोडी जुळतात असें आढळलें, आणि १९६३ च्या सुमारास मंडळानें ती परीक्षाच सोडून दिली. ब्रिटनमधील रॉयल कॉलेजांच्या एम्.आर्.सी.पी. परीक्षेचा रोग्यांच्या साहाय्यानें होणारा भाग घेऊन मॅक्‌मॅनस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं हिशेब मांडला. परीक्षकांत कांहीं ससाणे असतात व कांहीं पारवे, अशी तिकडे म्हण आहे. ती खरी ठरली. गुणांतील पद्धतशीर फरकापैकीं सुमारे ८७ टक्के उमेदवारांच्या योग्यतेमुळें, तर सुमारे १२ टक्के परीक्षकाच्या कडक वा सौम्य स्वभावामुळें निघाला. १२ टक्के हा आंकडा कोणास लहान वाटेल. परंतु त्या परीक्षेंत उमेदवारास पांच ठिकाणीं मिळून दहा परीक्षक पाहत असत, हें ध्यानांत घ्यावें. जेथें दोघांतिघांवरच सर्व भार असतो, तेथें एका ससाण्याची झडप किती खोल जाईल, याची कल्पना वाचकांनींच करावी. हुषार विद्यार्थी तींतूनही निसटतो. बळी जातो तो उत्तीर्णतेच्या कांठावर उभा असलेला.

याहूनही महत्त्वाचा एक शोध आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाहीं. एल्स्टाइन, शुलमन व स्प्राफ्का यांनीं १९७८ सालीं वैद्य विचार कसा करतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत दिसून आलें, कीं एका रोग्याच्या बाबतींत उत्तम विचार करणारा वैद्य दुसऱ्या रोग्याच्या बाबतींतही तसाच विचार करील याची खात्री देतां येत नाहीं. निदानकौशल्य ही एकजिनसी शक्ति नसून ती त्या त्या विषयाच्या ज्ञानाशीं बांधलेली असते. याचा अर्थ असा, कीं परीक्षक देवासारखा निःपक्षपाती असला तरी एकाच लाँग केसवर दिलेला निकाल डळमळीतच राहणार. एकास सरळ हकीकत सांगणारा, स्पष्ट लक्षणांचा रोगी मिळतो. दुसऱ्यास बहिरा, चिडलेला, तीन रोगांनीं एकदम पछाडलेला मिळतो. मग दोघांचे गुण एका यादींत लावले जातात. परीक्षकाच्या लहरीची तक्रार सर्वच करतात. नेमून दिलेल्या रोग्याचें दैव मात्र विद्यार्थी मुकाट्यानें आपल्या कपाळीं घेतो.

येथवरचा अन्याय हा आंधळा आहे. तो कोणावरही पडूं शकतो. परंतु स्मॉलेटच्या परीक्षकांनीं जो पहिला प्रश्न विचारला, त्याचा विचार केल्यावांचून हा विषय सोडतां येत नाहीं. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत अनुसूचित जाति-जमातींच्या विद्यार्थ्यांस कशी वागणूक मिळते, हें पाहण्यासाठीं २००६ सालीं केंद्र सरकारनें डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिनें २००७ सालीं अहवाल दिला. त्यांत या विद्यार्थ्यांपैकीं फार मोठ्या संख्येनें केलेली तक्रार प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षांविषयींची होती. तेथें आपली जात आडून वा उघड विचारली जाते व गुण देतांना न्याय होत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. अहवालावर पुढें वादही झाला. वाद करणारांस आमचा एकच प्रश्न आहे. लेखी उत्तरपत्रिकेवर आपण नांव लिहूं देत नाहीं, क्रमांक लिहावयास लावतों, तें कशासाठीं? नांवानें मन कलूं शकतें हें आपण तेथें मान्य केलेंच आहे. मग ज्या परीक्षेंत नांवाबरोबर चेहरा, उच्चार व पेहरावही पुढें येतो, तेथें मन कलत नाहीं असें मानण्यास आधार कोणता?

ब्रिटनमध्येंही याच प्रश्नानें न्यायालय गाठलें. तेथील रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स या संस्थेच्या रोगिसंभाषणाच्या परीक्षेंत गौरेतर उमेदवार पहिल्या प्रयत्नांत कितीतरी अधिक प्रमाणांत नापास होतात, असें इस्माइल व रॉबर्ट्स यांच्या २०१३ च्या अभ्यासांत दिसलें. आणि त्यांत ब्रिटनमध्येंच शिकलेलेही होते. भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेनें खटला भरला. २०१४ सालीं न्यायाधीशांनीं परीक्षा कायदेशीर ठरविली. तथापि संस्थेनें या तफावतीविषयीं कांहीं करण्याची वेळ आली आहे, असेंही सांगितलें व अर्जदारांचें नैतिक यश मान्य केलें. आम्हांस हा निवाडा विचार करण्याजोगा वाटतो. तफावत म्हणजे लगेच द्वेष नव्हे. भाषा, पूर्वशिक्षण, रीतिरिवाज अशीं कारणें असूं शकतात. पण तफावत दिसली, हेंच मुळीं तेथें गुणांचा हिशेब ठेवला जात होता म्हणून. आपल्याकडे असा हिशेब ठेवून तो लोकांपुढें मांडण्याचा प्रघात नाहीं, आणि मग तक्रार करणारास पुरावा दे म्हणून सांगणें सोपें जातें.

भाषेचा प्रश्न तर आपल्या घरचाच. बीड-परभणीकडील खेड्यांत मराठी शाळेंत शिकलेली मुलगी खेड्यांतून आलेल्या म्हातारीची हकीकत अस्खलित मराठींत विचारून घेते. पोटांत गोळा उठतो म्हणजे काय, कसनुसें होतें म्हणजे काय, हें तिला शहरी सोबत्यापेक्षां चांगलें कळतें. पण तीच हकीकत परीक्षकांपुढें इंग्रजींत मांडतांना ती अडखळते, आणि अडखळणें हें अज्ञान म्हणून नोंदलें जातें. कॉन्व्हेंटांत शिकलेला मुलगा थोड्या ज्ञानावर गुळगुळीत वाक्यें बोलून निभावून नेतो. ही कीट्सच्या लॅटिनची पुनरावृत्ति होय. इंग्रजी येऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. तो आमच्या उपजीविकेचाच विषय आहे. पण वैद्यकाच्या परीक्षेंत इंग्रजीचे गुण न सांगतां दिले जावेत, हें आम्हांस पटत नाहीं.

उपायांकडे पाहूं गेल्यास १९७५ साल महत्त्वाचें आहे. त्या सालीं डंडी येथील रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक नवी रीत सुचविली. विद्यार्थी ठराविक मिनिटांनीं घंटा वाजतांच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जातो. प्रत्येक ठिकाणीं निराळें काम, निराळा परीक्षक, आणि काय केल्यास किती गुण याची आधींच केलेली यादी. सर्वांस तेच प्रश्न, सर्वांस तोच वेळ. ही 'ऑस्की' आतां जगभर पसरली असून आपल्याकडेही शिरली आहे. एका रोग्याचें दैव व एका परीक्षकाची लहर या दोहोंवरही तिनें बराच लगाम घातला, हें निर्विवाद. पण यादीलाही मर्यादा आहेत. १९९० नंतरच्या दशकांत कॅनडांतील हॉजेस, रेगेर प्रभृतींनीं दाखविलें, कीं अनुभवी वैद्य नेमके थोडे प्रश्न विचारून निदानापर्यंत जातो व म्हणून यादीवर त्यास गुण कमी पडूं शकतात; जाणत्या परीक्षकाचें समग्र मत अशा वेळीं यादीपेक्षां कमी विश्वसनीय ठरत नाहीं. शिवाय यादींत सहानुभूतीला एक गुण आहे असें कळलें, कीं विद्यार्थी सहानुभूतीचें ठरीव वाक्य पाठ करून येतात व रोग्याकडे न पाहतां म्हणून टाकतात. मोलियेरच्या सभेंतील लॅटिन गेलें, त्याच्या जागीं हें नवें लॅटिन आलें. म्हणजे माणसाची पारख यंत्रावर सोंपवून सुटका नाहीं. माणसांनींच ती करावी, पण एकट्यानें व आडोशानें करूं नये, एवढाच याचा बोध.

तेव्हां आमचें मागणें मोठें नाहीं. एका मोठ्या केसऐवजीं अनेक लहान केस असाव्यात व प्रत्येकीस परीक्षक वेगळे असावेत. दोन परीक्षक असतील तेथें दोघांनीं एकमेकांशीं बोलण्यापूर्वीं आपापले गुण लिहावेत; वरिष्ठानें "पास ना?" असें विचारल्यावर कनिष्ठानें मान डोलावणें यास दोन परीक्षक म्हणतां येत नाहीं. आरंभींचे प्रश्न सर्वांस सारखे व आधीं ठरलेले असावेत. पुढें परीक्षकानें खुशाल आपल्या बुद्धीनें खोल जावें. उमेदवारास क्रमांकानें हांक मारावी. आडनांव, गांव, वडिलांचा धंदा हे प्रश्न वर्ज्य समजावेत. नापास करतांना कोणत्या उत्तरासाठीं तें दोन ओळींत लिहून ठेवावें. आणि वर्षाअखेरीस प्रत्येक परीक्षकास त्याचे गुण इतरांच्या गुणांशेजारीं मांडून दाखवावेत; आपण ससाणा आहों हें बहुतेक ससाण्यांस ठाऊकच नसतें.

यावर उत्तर येईल, कीं विद्यार्थी शेंकडों, अध्यापक थोडे, आणि परीक्षा दोनतीन दिवसांत उरकावयाची. एवढा वेळ कोठून आणावा? अडचण खरी आहे. पण वर सांगितलेल्यांपैकीं गुण वेगळे लिहिणें, आडनांव न विचारणें, दोन ओळींचें कारण नोंदणें, यांस नवा अध्यापक लागत नाहीं कीं नवा पैसा लागत नाहीं. हीं कामें उद्यां सुरू करतां येण्याजोगीं आहेत. तीं होत नाहींत याचें कारण वेळ नसून, परीक्षकाचा शब्द तपासला जाऊं नये ही जुनी प्रतिष्ठेची कल्पना आहे. न्यायाधीशाचा निकाल वरच्या न्यायालयांत तपासला जातो म्हणून न्यायाधीशाची अप्रतिष्ठा झाली असें कोणी मानीत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगणें जरूर आहे. तोंडी परीक्षा न्यायी असावी हें आम्ही केवळ विद्यार्थ्यांच्या कळवळ्यानें म्हणत नाहीं. कच्चा विद्यार्थी ओळखीनें, गोड बोलण्यानें वा परीक्षकाच्या दयेनें पुढें सरकतो, तोही त्याच मिटलेल्या दारांतून. त्याच्याविरुद्ध तक्रार करणारें कोणी नसतें. तो आनंदानें बाहेर येतो आणि वर्षभरानें एखाद्या तालुक्याच्या गांवीं रात्रपाळीस एकटा असतो. त्याच्यापुढें जो रोगी येईल, त्यास आंत काय प्रश्नोत्तरें झालीं हें विचारतां येणार नाहीं. त्याच्या वतीनें तें विचारण्याचा अधिकार आपणांस आहे, आणि विद्यापीठांनीं त्याचें उत्तर देण्याची तयारी ठेवली पाहिजे.